चौदा तारखा

सेक्रेटरींनी अंगठा जिभेला लावला आणि आणखी एका फ्रेंच पुस्तकाचे शेवटचे पान उलटले. तिथे चिकटवलेल्या चिठ्ठीवर एकच तारीख होती. पुन्हा जीभ, पुन्हा पुस्तक. ही चिठ्ठी कोरी. पुन्हा जीभ. टेबलासमोर उभ्या असलेल्या डिंकरावांची नजर त्या ओल्या अंगठ्यावरून हलत नव्हती. पुस्तकाला थुंकी लावणारा आणि दुसऱ्याच्या ताटात थुंकणारा ही माणसे त्यांच्या लेखी एकाच माळेचे मणी होती, आणि इथे तर खुद्द वाचनालयाचे सेक्रेटरी ते करत होते.

"तीनशे बारा पुस्तकं, आठ वर्षं, आणि वाचणारी एक म्हातारी," सेक्रेटरी म्हणाले. "पुढच्या आठवड्यात ती परदेशी मंडळी येतायत. त्यांना हे दाखवू?"

"जे आहे ते दाखवायचं, साहेब."

"जे आहे ते आपण अहवालात कुठं लिहिलंय?"

मग सगळा प्रकार उघड झाला. आठ वर्षांपूर्वी एका परदेशी संस्थेने ही पुस्तके भेट दिली होती. फुकट ते पौष्टिक, म्हणून कमिटीने ती घेतली, पेपरात फोटो आला, कपाटावर मोठी पाटी लागली. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, त्यातला प्रकार. संस्थेची अट एवढीच होती की वर्षातून एकदा फ्रेंच वाचनाचा कार्यक्रम करायचा आणि किती लोक पुस्तके नेतात ते कळवायचे. सेक्रेटरी दर वर्षी सहाशे, सातशे असे आकडे कळवत आले होते. आता संस्थेची माणसे स्वतः येऊन कपाट बघणार होती. त्यांचे समाधान झाले तर नवी पुस्तके येणार होती, आणि सेक्रेटरींना पंधरा दिवसांचा परदेशी अभ्यासदौरा मिळणार होता. अभ्यासदौरा हा शब्द उच्चारताना त्यांच्या तोंडाला पाणी सुटलेले डिंकरावांना स्पष्ट दिसले.

"प्रत्येक चिठ्ठीवर दहा-पंधरा तारखा मारून टाका," सेक्रेटरी म्हणाले. "मागच्या आठ वर्षांतल्या. जरा पांगवून मारा, म्हणजे खऱ्या वाटतील."

डिंकराव हे त्यांचे खरे नाव नव्हे. एकतीस वर्षे ते या वाचनालयात पुस्तकांची बांधणी करत, फाटकी पाने चिकटवत, काउंटरवर देवघेव बघत. बोटांवर डिंकाचा पापुद्रा कायमचा, म्हणून कोणी तरी हे नाव ठेवले आणि तेच चिकटले. शिक्का त्यांच्याच हातात असे. पुस्तक नेले की शेवटच्या पानावरच्या चिठ्ठीवर तारीख उमटायची. पुस्तक परत आले की सभासदाचे कार्ड त्याला परत मिळायचे, मग कोणी नेले होते याचा मागमूस राहायचा नाही. राहायची ती फक्त तारीख. ती तारीख डिंकरावांनी एकतीस वर्षांत एकदाही इकडची तिकडे केली नव्हती. कोणी एक दिवस मागची मारा म्हटले तर ते शिक्का खिशात घालून ठेवत. लोक हसत, पण त्याबद्दल त्यांना मानही देत. डिंकरावांनी आयुष्यात फार काही कमावले नव्हते. हे एवढे मात्र होते, आणि त्याचा त्यांना गर्व होता.

"मला नाही जमायचं, साहेब."

सेक्रेटरी रागावले नाहीत, हेच वाईट झाले. त्यांनी रुमालाने अंगठा पुसला. "नका मारू. मग ती मंडळी पुस्तकं उचलून दुसऱ्या गावाला देतील, तसं त्यांनी लिहिलंच आहे. माझा दौरा गेला तर गेला. पण तुमच्या त्या मादाम काय वाचतील मग? या वयात दोन तास बसने जातील?"

उचलली जीभ लावली टाळ्याला, असा हा माणूस. पण या वेळी जीभ नेमक्या जागी लागली होती.

मादाम म्हणजे मुलींच्या शाळेतल्या फ्रेंचच्या निवृत्त शिक्षिका. विद्यार्थिनी मादाम म्हणत, म्हणून सगळे गाव मादाम म्हणे. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, एकट्या राहणाऱ्या. महिन्यातून दोनदा, बुधवारी अकरा वाजता कापडी पिशवी घेऊन यायच्या, एक फ्रेंच पुस्तक ठेवायच्या, एक न्यायच्या. त्या कपाटातली निम्मी पुस्तके जुन्या पद्धतीची होती, पानांच्या घड्या न कापलेली. वाचणाऱ्याने वाचत जायचे आणि कापत जायचे. मादाम घरी बोथट सुरीने पाने कापत. डिंकरावांना ही पद्धत फार आवडे. न वाचता वाचले म्हणायची सोयच नाही, असे पुस्तक त्यांनी दुसरे पाहिले नव्हते.

दोन-अडीच वर्षांपासून मात्र मादामना विसरायला होऊ लागले. चष्मा, किल्ल्या, गॅस. पुस्तकेही. वाचलेलेच पुन्हा नेत आणि चाळिसाव्या पानावर लक्षात येई. त्यावर त्यांनी स्वतःच उपाय शोधला आणि एकदा काउंटरवर वाकून हळूच सांगितला होता. "डिंकराव, इथं फ्रेंच माझ्याशिवाय कोणी नेत नाही. म्हणजे चिठ्ठीवर तारीख असली की ते माझं वाचून झालंय, आणि कोरी असली की नवीन. बाकी डोकं गेलं तरी चालेल, तुमचा शिक्का आहे तोवर माझं भागेल."

हे डिंकरावांना आठवत नव्हते असे नाही. सेक्रेटरींसमोर उभे असतानाच आठवले. त्यांनी मनाशी ठरवले की आधी मादामना गुपचूप सांगून टाकू, त्यांच्यासाठी वेगळी खूण करू, पेन्सिलीची टिंबे करू, काही तरी करू. पुस्तके गावात राहणे महत्त्वाचे. माणसाला वाईट काम करायचे असले की कारण नेहमी चांगलेच सापडते.

पुढचे चार दिवस ते बांधणीच्या खोलीत दार लावून बसले. शिक्क्याची चाके मागे फिरवायची, वर्ष लावायचे, महिना लावायचा, दिवस लावायचा, आणि ठप्प. सगळ्या तारखा एका रंगात उमटल्या तर कोणाच्याही लक्षात येईल, म्हणून त्यांनी शाईची एक ओली गादी घेतली, एक सुकलेली. काही शिक्के सरळ मारले, काही तिरपे, घाईगर्दीत मारावेत तसे. सोमवारी वाचनालय बंद असते, म्हणून जुनी कॅलेंडरे काढून सोमवार वगळले. सोमवार वगळताना त्यांचा हात मध्येच थांबला. खोटे लिहायला बसलो आहोत आणि त्यातही चूक राहू नये म्हणून जपतो आहोत, याची त्यांना इतकी शिसारी आली की शिक्का टेबलावर आपटून ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मग परत येऊन बसले. सोमवार सोडूनच शिक्के मारले.

न कापलेली पाने ही आणखी एक अडचण. पंधरा तारखा पडलेल्या पुस्तकाची पाने जोडलेली कशी असतील? डिंकरावांनी बांधणीकामातली हाडाची पट्टी घेतली आणि सपासप घड्या कापायला सुरुवात केली. मादामना एका पुस्तकाला आठवडा लागे, त्यांना सहा मिनिटे लागली. हात बसलेला होता. संध्याकाळी खोलीभर कागदाचा भुसा पडलेला असे आणि तो केरसुणीने गोळा करताना त्यांना सारखे वाटे की आपण कशाची तरी सालटी काढली आहेत.

घरी जेवताना बोटांवर जांभळी शाई दिसली. त्यांनी उठून हात धुतले, परत बसले, परत उठून धुतले. बायकोने विचारले तेव्हा त्यांनी सगळे सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि ती म्हणाली, सगळीकडे हेच चालते, तुम्हीच तेवढे जगावेगळे होतात, बरे झाले उतरलात जमिनीवर. तिचा हेतू धीर देण्याचा होता. डिंकरावांचा घास तोंडातच फिरत राहिला. आपण आता सगळ्यांसारखे झालो, आणि घरातल्या माणसाला त्याने हायसे वाटले, हे त्यांना शिक्क्यांपेक्षाही झोंबले.

मंगळवारी काम संपले. बुधवारी अकराला मादाम आल्या.

डिंकरावांनी काय बोलायचे ते घोकून ठेवले होते. पण सेक्रेटरी नेमके काउंटरला टेकून छापखान्याच्या माणसाशी निमंत्रणपत्रिकेवर वाद घालत होते. कोणाचे नाव आधी आणि कोणाचे नंतर यावर अर्धा तास गेला. डिंकराव वाट बघत राहिले. मादाम कपाटापाशी होत्या. एरवी पंधरा मिनिटांत त्यांचे निवडून होई. आज त्या एकामागून एक पुस्तक काढत होत्या, शेवटचे पान उघडत होत्या आणि परत ठेवत होत्या. वरचा कप्पा झाला, मधला झाला. खालच्या कप्प्यासाठी त्यांनी स्टूल ओढून घेतले. तासाभराने त्या काउंटरशी आल्या, तेव्हा पिशवी रिकामी होती.

"आज काही नेत नाही," त्या म्हणाल्या. मग थोड्या घुटमळल्या. "डिंकराव, एक विचारू? मी बुधवार सोडून इतर दिवशीही येते का हो?"

डिंकरावांना एकदम उलगडा झाला. त्यांनी मारलेल्या तारखा गुरुवारच्या होत्या, शनिवारच्या होत्या. पांगवून मारा म्हटले होते, त्यांनी पांगवून मारल्या होत्या. चिठ्ठीवरच्या तारखांचे वार म्हातारी मनात मोजत बसली असेल, हे त्यांच्या डोक्यातच आले नव्हते.

त्यांनी तोंड उघडण्याआधी सेक्रेटरींनी मान वळवली. "येता की मादाम! सारख्या येता. तुमच्यासारख्या वाचकांवर तर आमचं वाचनालय चाललंय."

"असं का," मादाम म्हणाल्या. त्यांनी पिशवीची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. "मला वाटलं, बुधवारीच येते."

त्या गेल्या. सेक्रेटरी पुन्हा छापखानेवाल्याकडे वळले. त्यांनी हे वाक्य दुष्टपणाने टाकले नव्हते, अंगावरचा धागा झटकावा तसे सहज टाकले होते, आणि त्या सहजपणाची डिंकरावांना किळस आली. त्याहून जास्त किळस स्वतःची आली. दारापर्यंत वीस पावले होती. मागे धावून सांगता आले असते. ते धावले नाहीत. शनिवारी कार्यक्रम आहे, मंडळी येऊन जाऊ देत, पुस्तके पक्की होऊ देत, मग सांगू, असे त्यांनी स्वतःला समजावले. खरी गोष्ट अशी की त्यांना लाज वाटत होती, आणि लाजेपायी माणूस किती दिवस ढकलू शकतो याला धरबंध नसतो.

शनिवारचा कार्यक्रम दर वर्षीसारखाच होता, फक्त खुर्च्या जास्त. स्टेजवर थर्माकोलचा उंच मनोरा उभा केला होता. तो डिंकरावांनीच चिकटवला होता आणि तो किंचित उजवीकडे कलला होता. समोर टेबलावर पन्नास फ्रेंच पुस्तके मांडली होती. कमिटीतले एक गृहस्थ चार दिवस पॅरिसला जाऊन आले होते. त्यांनी तिथल्या हॉटेलच्या न्याहारीविषयी पाऊण तास सांगितले. मागच्या रांगा खाण्याच्या टेबलाकडे हळूहळू सरकत होत्या. एका बाईंनी बशी टेकवायला जागा नाही म्हणून ती एका पुस्तकावर ठेवली. डिंकरावांनी जाऊन बशी उचलली. खाली तेलाचा गोल उमटला होता.

परदेशी मंडळी म्हणजे एक वयस्क बाई आणि एक तरुण दुभाषी. बाई मनाने चांगल्या दिसत होत्या. एकेक पुस्तक उघडून त्या शेवटची चिठ्ठी बघत, तारखांवरून बोट फिरवत, दुभाष्याला काही सांगत. तो म्हणाला, यांना फार आनंद झाला आहे, यांच्या स्वतःच्या गावात इतके वाचत नाहीत. सेक्रेटरींनी नम्रपणे मान झुकवली. डिंकराव तिथून निघून दारापाशी जाऊन उभे राहिले.

शेवटी मादामचे वाचन. दर वर्षी त्या एक पान वाचून दाखवत, कोणाला काही कळत नसे, सगळे टाळ्या वाजवत. या वेळी त्या लेकीबरोबर आल्या होत्या. लेक दुसऱ्या शहरात राहायची आणि क्वचितच दिसायची. सेक्रेटरींनी टेबलावरचे एक जाडसे पुस्तक उचलून मादामच्या हातात दिले. डिंकरावांनी ते दुरूनच ओळखले. ते मादामनी कधी घरी नेलेले नव्हते. गेल्या आठवड्यापर्यंत त्याचे एकही पान कापलेले नव्हते.

मादामनी चष्मा लावला आणि सवयीने आधी शेवटचे पान उघडले. बराच वेळ त्या चिठ्ठीकडे बघत राहिल्या. मग पुस्तकाची पाने अंगठ्याखालून भरभर सोडली, मधले एक उघडले, वाचले, दुसरे उघडले, वाचले. माइकमधून नुसता पानांचा आवाज येत होता. मग त्या परदेशी बाईंकडे बघून फ्रेंचमध्ये एक वाक्य बोलल्या. बाईंचा चेहरा पडला. मादाम लोकांकडे वळल्या.

"या पुस्तकावर चौदा तारखा आहेत," त्या म्हणाल्या. आवाज वर्गात असावा तसा स्पष्ट होता. "इथं फ्रेंच मी एकटीच नेते. पानंही मीच कापली असणार. पण मला यातली एक ओळ ओळखीची वाटत नाही. चौदा वेळा वाचूनसुद्धा. अशा माणसानं लोकांना वाचून दाखवू नये. मला माफ करा."

आणि त्या खाली उतरायला लागल्या. लेक धावत येऊन त्यांचा हात धरायला गेली, तो त्यांनी धरू दिला. एरवी दिला नसता.

डिंकराव दारापाशी होते. ते दोन पावले पुढे आले. त्या तारखा माझ्या आहेत, एवढे चारच शब्द बोलायचे होते. हॉलमध्ये शंभर माणसे बसली होती आणि त्यातली निम्मी तरी त्यांना एकतीस वर्षे ओळखत होती. डिंकरावांनी खोटे शिक्के मारले, हे ती उद्यापासून सांगत फिरणार होती. तिसरे पाऊल पडले नाही. पोटापाण्याची भीती असती तर एक वेळ समजले असते. त्यांना भीती होती ती आपल्या प्रामाणिकपणाच्या नावाची.

तेवढ्यात सेक्रेटरींनी माइक हातात घेतला. "चौदा वेळा!" ते म्हणाले. "एकच पुस्तक चौदा वेळा! मंडळी, याला म्हणतात वाचनप्रेम. हे पुस्तक आम्ही वाचनालयातर्फे मादामना कायमचं भेट देत आहोत."

टाळ्यांचा कडकडाट झाला. दुभाष्याने चौदा वेळांचे तेवढेच सांगितले आणि परदेशी बाईंनी डोळे पुसले. फोटोवाला पुढे आला आणि सेक्रेटरींनी ते पुस्तक मादामच्या हातात पुन्हा एकदा दिले, या खेपेस कॅमेऱ्याकडे बघत. डिंकराव मागच्या बेसिनपाशी गेले आणि ओकले. पोटात काही नव्हतेच, नुसते आंबट पाणी आले.

सोमवारी वाचनालय बंद असते. डिंकराव सकाळीच मादामच्या घरी गेले. दार उघडेच होते. पुढच्या खोलीत खोकी होती, चिकटपट्टीची गुंडाळी होती, भिंतीवर फोटो काढलेल्या जागी फिकट चौकोन दिसत होते. लेक कपडे घड्या करून खोक्यात भरत होती. आईला घेऊन चालले आहे, असे तिने सांगितले. तीन वर्षे मागे लागले होते, आई ऐकत नव्हती, माझे डोके ठिकाणावर आहे म्हणायची. शनिवारी रात्री स्वतःच म्हणाली, ने मला. घर भाड्याने देणार आहोत.

मादाम खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. डिंकरावांना बघून उठायला लागल्या. त्यांनी बसा म्हटले आणि स्वतः उभेच राहिले. मग सगळे सांगितले. सेक्रेटरींचे अहवाल, परदेशी मंडळी, चार दिवस, दोन गाद्या, हाडाची पट्टी, वगळलेले सोमवार. काही लपवले नाही. स्वतःला वाचवणारे एकही वाक्य मध्ये घातले नाही. बोलून झाल्यावर त्यांना पहिल्यांदा मोकळा श्वास आला.

मादाम त्यांच्याकडे बघत होत्या. त्या बघण्यात इतकी माया होती की डिंकरावांना काही तरी चुकते आहे हे कळले.

"तुम्ही फार चांगले आहात, डिंकराव," त्या म्हणाल्या.

"मादाम, मी खरं सांगतोय."

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही, म्हणून तर एवढं लांबलचक सांगावं लागलं." त्या हसल्या. "आमचे हे गेले, तेव्हा माझ्याकडचं पुस्तक पाच दिवस उशिरा आलं होतं. तुम्ही उठून उभे राहिलात, हात जोडलेत, आणि दंडाच्या पावतीवर तारीख मात्र त्याच दिवशीची मारलीत. मला तेव्हा राग आला होता. नंतर वाटलं, एक माणूस तरी असा आहे गावात. आणि आज तुम्ही म्हणताय, चार दिवस बसून खोट्या तारखा मारल्या?"

"मारल्या. माझ्या हातानं मारल्या."

"दुसऱ्या कोणी सांगितलं असतं, तर मी विश्वास ठेवला असता." त्यांनी डिंकरावांच्या हातावर थोपटले. "नका हो माझ्यासाठी स्वतःवर असलं घेऊ. मला कळलंय काय ते. एवढं काही वाईट नसतं." मग त्यांना काही आठवले आणि त्या भिंतीचा आधार घेत आतल्या खोलीत गेल्या.

डिंकराव लेकीकडे वळले. "ताई, तुम्ही तरी सांगा त्यांना. डॉक्टरांना सांगा. विसरतात, कबूल आहे. पण हे नाही. हे माझं काम आहे."

लेकीने हातातली घडी खोक्यात ठेवली. ती दमलेली दिसत होती. "माझा आहे विश्वास," ती खालच्या आवाजात म्हणाली. "परवा तुमचा चेहरा बघूनच मला शंका आली होती. पण काका, आता परत नका ढवळू. तीन वर्षं मला धड झोप नाही. फोन उचलला नाही की वाटतं, गॅस राहिला. ती तयार झालीय, तशी जाऊ दे."

"पण त्या समजतायत की आपलं डोकं..."

"समजू दे," लेक म्हणाली. तिने चिकटपट्टी ओढली आणि खोक्याचे तोंड बंद केले.

डिंकराव बघत राहिले. सेक्रेटरींना त्या तारखांमधून दौरा मिळाला, बायकोला चारचौघांसारखा नवरा मिळाला, या पोरीला झोप मिळाली. ज्याने त्याने आपापले उचलून नेले होते. त्यांना कोणावर थुंकावे तेच कळेना. पोरीवर तर मुळीच नाही.

मादाम बाहेर आल्या त्या ते जाड पुस्तक घेऊन. डिंकरावांसमोर खुर्चीत बसून त्यांनी शेवटचे पान उघडले आणि चिठ्ठीवरून तळहात फिरवून ती सपाट केली.

"हे मी तिकडे सोबत नेतेय," त्या म्हणाल्या. "तिथं पुन्हा वाचायला घेईन. आठवणार नाही, तर निदान कितव्यांदा ते तरी कळू दे. आजची तारीख घालून द्या."

"शिक्का नाही आणला, मादाम."

"हातानं लिहा. तुमचं अक्षर असलं म्हणजे झालं."

त्यांनी पेन पुढे केले. डिंकरावांनी लेकीकडे पाहिले, ती खोक्यावर आकडा टाकत होती. ते गुडघ्यावर बसले, पुस्तक मांडीवर घेतले आणि त्या चौदा जांभळ्या तारखांच्या खाली, उरलेल्या रेघेवर, दिवस लिहिला, महिना लिहिला, वर्ष लिहिले. शाई ओली होती म्हणून पुस्तक थोडा वेळ उघडेच धरले.

मादामनी ते घेतले, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि वरपासून एकेका तारखेवर बोट ठेवत मोजायला लागल्या. मध्ये एकदा चुकल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. डिंकराव गुडघ्यावर तसेच बसून राहिले.

"पंधरा," त्या म्हणाल्या आणि पुस्तक मिटले.